परक्या घरची यादवी आणि शरणागताचे रक्षण



काही दिवसांपूर्वी अहिंसेचे निरूपण आटोपल्यावर मंडळी उठून गेली. एक वासनिक गृहस्थ मात्र मागे थांबले. वय साठीच्या घरात, सैन्यातून निवृत्त झालेले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, १९८७ साली आम्हाला श्रीलंकेत पाठविले. आमच्या दलाचे नाव शांतिसेना. ज्या गल्लीत ऑगस्टमध्ये लोकांनी आमच्या गळ्यात हार घातले, त्याच गल्लीत ऑक्टोबरमध्ये आम्ही गोळ्या चालविल्या. माझ्या हातून घडले ते रक्षण म्हणावे की हिंसा? आज आपण अहिंसा सांगितलीत, म्हणून विचारतो."

तत्काळ उत्तर देणे मला जमले नाही. शास्त्रातील वचन सांगून त्यांची बोळवण करता आली असती. परंतु ज्याच्या मनात ही गोष्ट इतकी वर्षे रुतून बसली, त्याला वचन ठाऊक नसते असे नाही. त्याला स्वतःच्या कर्माचे नाव हवे असते. त्या नावाचा शोध म्हणून हा लेख.

प्रश्न एका सैनिकाने विचारला असला तरी तो त्याच्या एकट्याचा नाही. परक्या देशात यादवी माजली असता दुसऱ्या राज्याने तेथे आपले सैन्य पाठवावे काय, असे त्याचे व्यापक रूप आहे. प्रभासक्षेत्री यादवकुळाने आपलाच जो संहार केला, त्यावरून गृहयुद्धाला आपल्या भाषेने 'यादवी' हे नाव दिले. मारणारा आणि मरणारा एकाच घरचे, हे त्या शब्दाचे मर्म होय. अशा घरात बाहेरच्याने शस्त्र घेऊन शिरावे काय, हाच येथे विचार करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, भिक्षान्न सेवून स्मरण करणाऱ्यांना राजकारणाशी काय कर्तव्य? यावर उत्तर असे की, हिंसा स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि झालेल्या हिंसेला अनुमोदन देणे, ही तिन्ही दोषाचीच अंगे होत. आपले वासनिक सैन्यात आहेत. जे नाहीत ते कर देतात, मत देतात आणि विजयाची वार्ता आली की पेढे वाटतात. त्यांचे अन्न आपल्या झोळीत पडते. तेव्हा हा प्रश्न मठाच्या उंबरठ्याबाहेर राहिला, असे समजणे ही आत्मवंचना होय. शिवाय परक्या सैन्याच्या येण्याचा अर्थ आपल्या पंथाला नवा नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीवर स्वारी झाली आणि पुढील दोन दशकांत यादवांचे राज्य लयास गेले. म्हाइंभटांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत त्या काळच्या धामधुमीत नष्ट झाली आणि मागच्यांना ती स्मरणावरून पुन्हा जुळवावी लागली, असे आपली परंपरा सांगते. सैन्य कोणत्याही हेतूने येवो, त्याच्या पावलाखाली काय काय चिरडले जाते हे आपल्या पूर्वजांनी पाहिलेले आहे.

आता निर्णयाला आधार कोणता घ्यावा? सशाच्या रक्षणाची लीळा सर्वांस परिचित आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे जीव घेऊन पळणारा ससा सर्वज्ञांच्या आश्रयास येऊन दडला. मागोमाग पारधी आले व त्यांनी ससा मागितला. शरण आलेल्याला सर्वज्ञांनी दिले नाही. त्यांनी पारध्यांवर शस्त्र उगारले नाही, त्यांना शापही दिला नाही. गवत खाऊन आणि पाणी पिऊन राहणाऱ्या या जीवाने तुमचे काय बिघडविले, अशा आशयाने त्यांचीच समजूत घातली. पारध्यांनी ऐकले. भय सरल्यावर सर्वज्ञांनी सशाला आदराने संबोधून मोकळे केले.

या लीळेत रक्षणाची चार लक्षणे दिसतात. पहिले असे की, ससा आपण होऊन आला. रक्षणकर्ता त्याला शोधीत अरण्यात गेला नाही, अथवा तुला रक्षणाची गरज आहे असे त्याला पटवीत बसला नाही. दुसरे असे की, रक्षणकर्त्याने स्वतःचा देह मध्ये ठेवला. दुसऱ्या कोणास पुढे केले नाही. तिसरे असे की, पारधीही जीवच आहे हे तो विसरला नाही. त्याच्याशी बोलणे हा रक्षणाचाच भाग झाला. चौथे असे की, भय संपताच ससा सोडला. वाचविला म्हणून तो आपला झाला, असे मानले नाही. पहिली तीन लक्षणे सहज ध्यानात येतात. चौथ्याकडे आपले दुर्लक्ष होते, आणि राज्यांचे रक्षण बहुधा तेथेच नासते.

येथे एक शंका रास्त आहे. ससा निरुपद्रवी होता. यादवीत असा ससा कोठे असतो? सकाळी जो पळत येतो तोच सायंकाळी बंदूक घेऊन उभा राहतो. यावर समाधान असे की, शरणागत म्हणजे तो निःशस्त्र प्रजाजन, जो केवळ अमक्या जातीचा, अमक्या भाषेचा वा अमक्या धर्माचा म्हणून मारला जातो. सशस्त्र पक्ष हा शरणागत नव्हे. तो दुसरा पारधी होय, मग त्याची तक्रार कितीही खरी असो. हा भेद ज्याने सांभाळला नाही, त्याचे रक्षण पहिल्याच पावलाला घसरले.

आता पूर्वपक्ष ऐकू. पहिला पूर्वपक्ष गीतेचा. श्रीकृष्ण चक्रवर्तींनीच अर्जुनाला युद्धास उभे केले. कुरुक्षेत्र ही तर भावाभावांची यादवी होती. मग धर्माच्या बाजूने सैन्य पाठविण्यात दोष तो कोणता? या पूर्वपक्षाने महाभारताचा एकच क्षण उचलला आहे. मागचे पुढचे पाहावे. युद्धाआधी श्रीकृष्ण शिष्टाईसाठी हस्तिनापुरास गेले आणि पाच गावांवर तडजोड मागितली. युद्धात त्यांनी शस्त्र न धरण्याचा नेम केला. ज्याला उपदेश केला तो अर्जुन त्या कलहातील एक पक्ष होता. राज्य त्याचे हिरावले होते, वनवास त्याने भोगला होता. बाहेरून येऊन लढू पाहणाऱ्याला केलेला तो उपदेश नव्हे.

बाहेरून आलेल्याचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या विदर्भातलेच आहे. रुक्मिणीदेवींचा बंधू रुक्मी भोजकटाहून सैन्य घेऊन निघाला. प्रथम तो पांडवांकडे गेला आणि तुम्हाला भय वाटत असेल तर मी शत्रूचा नाश करून देतो, असे अर्जुनाला म्हणाला. अर्जुनाने हसून नकार दिला. तेव्हा तोच रुक्मी तेच सैन्य आणि तेच बोलणे घेऊन दुर्योधनाकडे गेला. त्यानेही घेतले नाही. ज्याला कोणत्या बाजूने लढावे याचे सोयरसुतक नाही, केवळ आपल्या पराक्रमाला रणांगण हवे आहे, अशा साहाय्यकर्त्याचे हे चित्र होय. आणि बळिरामदेव? दोन्ही पक्ष आप्त असल्यामुळे त्यांनी शस्त्र न घेता तीर्थयात्रेची वाट धरली. अखेरीस ज्या बाजूचा जय झाला त्या धर्मराजाची अवस्था पाहावी. सिंहासन समोर असता तो शोक करीत बसला आणि राज्य नको म्हणाला. त्याचा पक्ष न्याय्य होता. तरी मेलेल्यांचा भार त्याच्या मनावरून उतरला नाही. न्याय्य पक्षाचाही दोष उरतोच, हे महाभारताने कोठेही लपविलेले नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक कठीण आहे. तो म्हणतो, न जाणे हीही करणीच आहे. आफ्रिकेतील रुआंडा देशात १९९० पासून यादवी चालू होती. १९९४ च्या एप्रिलमध्ये तेथे तुत्सी लोकांची कत्तल आरंभली. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे अडीच हजार सैनिक त्या वेळी तेथे होते. त्यांचे सेनापती रोमेओ दालेर अधिक बळ मागत होते. सुरक्षा परिषदेने २१ एप्रिल रोजी ते दल २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसे मारली गेली. ज्यांनी निळ्या शिरस्त्राणांकडे पाहून आश्रय घेतला होता, त्यांच्यापैकी पुष्कळांना सैनिक निघून जाताच मारण्यात आले. मांडीखाली आलेला ससा उचलून कुत्र्यांपुढे टाकावा, तसेच हे झाले. याला अहिंसा म्हणता येईल काय? मुळीच नाही. ज्याच्या अंगी वाचविण्याचे सामर्थ्य आहे आणि ज्याच्या दारात शरणागत उभा आहे, त्याने दार लावून घेणे म्हणजे मारणाऱ्याला वाट करून देणे होय.

म्हणून 'कधीही जाऊ नये' असे म्हणून सुटता येत नाही, आणि 'धर्मासाठी जावे' असे म्हणूनही सुटता येत नाही. या दोहोंच्या मध्ये निर्णय कसा करावा, हे आपल्याच देशाच्या दोन उदाहरणांवरून पाहू. राज्य एकच, अंतर सोळा वर्षांचे, परिणाम मात्र निराळे.

पहिले उदाहरण १९७१ चे. १९७० च्या डिसेंबरात पाकिस्तानात निवडणूक झाली. पूर्व भागातील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगला मिळाल्या आणि त्या बळावर साऱ्या देशात तिचे बहुमत झाले. सत्ता देण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात सैन्य रस्त्यावर आणले गेले. पुढील महिन्यांत सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. पहिले लक्षण येथे स्पष्ट आहे. शरणागत आपल्या पायांनी आला, आणि त्याचे म्हणणे काय आहे हे मतपेटीने आधीच सांगितले होते. बोलणीही झाली, पंतप्रधान इंदिरा गांधी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाश्चात्त्य राजधान्यांतून फिरल्या. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील विमानतळांवर हल्ला केला आणि उघड युद्ध जुंपले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. सुमारे त्र्याण्णव हजार युद्धकैदी हाती आले. मार्च १९७२ मध्ये भारतीय सैन्य नव्या देशातून परत निघाले. चौथे लक्षणही पाळले गेले. ससा मोकळा झाला.

परंतु येथेच थांबून टाळ्या वाजविणे शास्त्राला धरून होणार नाही. मुक्तिवाहिनीला शस्त्रे व शिक्षण आपणच दिले होते. ३ डिसेंबरच्या आधीच, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, आपल्या तुकड्या सीमेपलीकडे लढत होत्या. शरणागताच्या कळवळ्याबरोबर शत्रूचे दोन तुकडे होत असल्याचा आनंदही त्यात होता. विजयानंतर तेथील उर्दूभाषी बिहारी लोकांवर सूड उगविला गेला आणि कालचे ससे काही ठिकाणी पारधी झाले. आपले तीन हजारांहून अधिक सैनिक त्या युद्धात कामी आले. मेलेले पाकिस्तानी शिपाईही कोणाच्या तरी पोटचे होते. ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्ध थांबवून सैन्य मागे घ्यावे असा ठराव १०४ विरुद्ध ११ मतांनी संमत झाला होता. जगाने तेव्हा दोष दिला, पुढे तेच जग त्या कृतीचे समर्थन करू लागले. यावरून इतकेच शिकावे की जगाची संमती हे दोषाचे माप नव्हे. या कृत्याला मी अल्पदोष म्हणेन; निर्दोष म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. १९८३ च्या जुलैत तेरा सैनिक मारले गेल्याचे निमित्त होऊन कोलंबोत व अन्यत्र तमिळ लोकांची घरे-दुकाने जाळली गेली, शेकडो माणसे मारली गेली आणि हजारो शरणार्थी तमिळनाडूत आले. शरण येणे येथेही खरे होते. पण आश्रय देताना आपण दोन गोष्टी एका नावाखाली केल्या. निःशस्त्राला अन्न दिले आणि सशस्त्र तरुणांच्या गटांना शस्त्रविद्या दिली. वर सांगितलेला भेद तेथे बुजला. मग २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. ज्यांच्यात भांडण होते त्यांपैकी तमिळ लढवय्यांचा गट त्या करारावर सही करणारा नव्हता. करार दोन सरकारांचा, युद्ध मात्र तिसऱ्याचे. त्याच दिवसांत शांतिसेना उतरली. तिचे काम शस्त्रे उतरवून घेण्याचे होते. जी शस्त्रे आपण हाती दिली, तीच उतरविण्यास आपण गेलो.

पुढचे सर्वांस ठाऊक आहे. लिट्टे संघटनेने शस्त्रे पुरती ठेवली नाहीत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शांतिसेनेने जाफना शहर घेण्याची मोहीम उघडली. २१ ऑक्टोबरला, दिवाळीच्या दिवसांत, जाफनाच्या रुग्णालयात रुग्ण, परिचारिका व डॉक्टर मिळून साठांच्या वर माणसे मारली गेल्याची नोंद आहे. आतून गोळीबार झाला होता, असे सैन्याचे म्हणणे. ते खरे धरले तरी खाटेवरच्या रुग्णाने गोळी झाडली नव्हती. त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेल्या या वीराला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्यांच्या शौर्याविषयी कोणाच्या मनात संशय नाही. पण शौर्य आणि कार्याची योग्यता या दोन निराळ्या गोष्टी होत, आणि शूराला चुकीच्या कार्यावर पाठविणाऱ्याचा दोष त्या शौर्याने उणा होत नाही, उलट वाढतो.

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनीच भारतीय सैन्याने निघून जावे अशी मागणी केली, इतकेच नव्हे तर त्या सैन्याविरुद्ध लढण्यास लिट्टेला शस्त्रे पुरविली. यादवीतील दोन्ही भाऊ बाहेरच्याविरुद्ध एक झाले. २४ मार्च १९९० रोजी अखेरची तुकडी परतली. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तेथे मृत्यू पावले. मद्रासच्या बंदरात त्या राज्याचे मुख्यमंत्री स्वागतास गेले नाहीत. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदुर येथे राजीव गांधींची हत्या झाली. श्रीलंकेतील युद्ध त्यानंतरही चालले ते २००९ च्या मे महिन्यापर्यंत.

दोन्ही प्रसंगांत शरणागत खरा होता. दोन्हींत स्वार्थ होता. दोन्हींत आपण आधी परक्यांच्या हाती शस्त्रे दिली होती. मग अंतर कोठे पडले? काही अंतर परिस्थितीचे आहे, हे मान्य करावे. एकीकडे साऱ्या प्रजेचा एकमुखी कौल होता, दुसरीकडे अनेक गट होते व त्यांपैकी कोणालाही कोणी निवडून दिलेले नव्हते. परंतु मला दिसणारे मुख्य अंतर नावाचे आहे. १९७१ साली जे केले त्याला आपण युद्धच म्हटले. युद्ध म्हटले की त्याला शेवट असतो, मेलेल्यांची मोजदाद असते आणि परतण्याची घाई असते. १९८७ साली जे केले त्याला शांती म्हटले. शांतीला शेवटाची मुदत कोण घालणार? शांतीसाठी झाडलेल्या गोळीचा हिशेब कोण मागणार? पहिल्या गोळीबरोबरच ते नाव खोटे ठरले होते. तरीही ते पालटले नाही, म्हणून अडीच वर्षे पाऊल मागे घेता आले नाही.

यावरून माझा सिद्धांत असा. परक्या यादवीत सैन्य पाठविणे हे क्वचित दोन दोषांतील लहान दोष असू शकते. पुण्य ते कधीच असत नाही. आणि जे राज्य त्याला पुण्य समजते, त्याला परत फिरण्याची वेळ कळत नाही. दोषाची जाणीव हीच परतीची वाट दाखविते. पायात काटा रुतला आहे हे ज्याला कळते तोच पाऊल उचलतो. काट्यालाच अलंकार समजणारा चालत राहतो.

कोणी म्हणेल, लहान दोष व पुण्य यांत शब्दाचाच फरक झाला. मेला तो मेलाच. फरक शब्दाचा नाही, आचरणाचा आहे. दोष मानणारा आधी बोलून पाहील, कारण सर्वज्ञांच्या शब्दाने पारधी थांबले आणि आपल्या शब्दाने थांबत नाहीत, हे आपले न्यून आहे असे तो समजेल. शस्त्र हे शब्द अपुरा पडल्याचे चिन्ह आहे, सामर्थ्याचे नव्हे. दोष मानणारा परक्या तरुणांच्या हाती शस्त्र देऊन आपण नामानिराळा राहणार नाही. जाण्यापूर्वीच तो परतण्याची मर्यादा ठरवील. आणि वाचविलेल्याकडून तो कृतज्ञतेचे देणे मागणार नाही. ही चार बंधने पुण्य मानणारा कधीही आपल्यावर घालून घेत नाही. कारण पुण्याला बंधन कशाचे?

आणखी एक गोष्ट आपल्या दर्शनाच्या दृष्टीने सांगितली पाहिजे. लौकिक पुण्य जरी घडले असे धरले, तरी त्याचे फळ देवताधीन व नाशिवंत. मोक्ष हा केवळ परमेश्वराच्या अधीन आहे. म्हणून युद्धाला मोक्षाची वाट म्हणून सांगणारा उपदेशक, मग तो कोणत्याही धर्माचा असो, सैनिकाची दुहेरी फसवणूक करतो. तो त्याचा देह घेतो आणि त्याचा विवेकही घेतो.

आता अधिकारभेदाने कर्तव्य पाहू. भिक्षूंनी व तपस्विनींनी सैन्याच्या प्रस्थानाला आशीर्वाद देऊ नये आणि विजयाचा उत्सव मांडू नये. शत्रूची निंदा त्यांच्या मुखी शोभत नाही. पण याचा अर्थ त्यांनी स्वस्थ बसावे असा नाही. १९७१ च्या उन्हाळ्यात सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली. बनगाव येथे शिरेतून देण्याचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाण्यात कालवण्याची पुडी करून ती रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजविली. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. तोच उपचार पुढे साऱ्या जगाने घेतला. एकही गोळी न झाडता, कोणाचेही राज्य न जिंकता, केवळ मांडीखाली आलेल्या जीवाला पाणी पाजून हे रक्षण झाले. सशाच्या लीळेचे आपल्या काळातील प्रतिबिंब मला रणांगणापेक्षा त्या छावणीत अधिक दिसते. शरणार्थी कोणत्याही धर्माचा वा देशाचा आला तरी मठाचे दार उघडे असावे. आपल्या झोळीतील अर्धे अन्न त्याचे आहे.

वासनिक गृहस्थांचे कर्तव्य याहून अवघड आहे, कारण राज्य त्यांच्या मताने चालते. त्यांनी राज्यकर्त्याला चार प्रश्न विचारावेत. ज्याचे रक्षण करावयाचे तो स्वतः आला आहे काय? आपण आपला देह मध्ये ठेवीत आहोत की परक्या मुलांना पुढे करीत आहोत? पारध्याशी बोलणे खरोखर संपले आहे काय? आणि ससा केव्हा सोडणार? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पहिल्या तीन उत्तरांवर विश्वास ठेवू नये. तरीही सैन्य गेलेच, आणि जाणे अपरिहार्य होते असे वाटले, तर आनंद मानू नये. घरात प्रेत असता जसे वागतो तसे वागावे.

आता त्या वासनिकांच्या प्रश्नाकडे येतो. पुढच्या खेपेस ते आले तेव्हा मी त्यांना सांगितले की, आपल्या हातून हिंसा घडली. तिला दुसरे नाव मी देणार नाही. दिले तर आपली इतकी वर्षांची तळमळ खोटी ठरेल. पण त्या हिंसेचा दोष आपल्या एकट्याच्या माथी मारणे हा दुसरा अन्याय होईल. ज्यांनी शस्त्रे वाटली ते, ज्यांनी करार करताना लढणाऱ्यालाच वगळले ते, ज्यांनी शांती हे नाव ठेवून मग तिकडे पाहिले नाही ते, आणि वर्तमानपत्र वाचून 'बरे झाले' म्हणणारे आम्ही सर्व त्या दोषाचे वाटेकरी आहोत. आपण आपला वाटा पुरा भोगीत आहात. आम्ही आमचा उचललाच नाही.

ते गृहस्थ म्हणाले, "बाबा, मग मी आता काय करावे?" मी म्हटले, अनुताप आपल्यापाशी आहेच, तो परमेश्वराच्या चरणी ठेवावा. दोष जाळण्याचे सामर्थ्य त्यांचे आहे, माझे नाही. आणि गावातील तरुण पोरे जेव्हा आपल्याकडे लढाईच्या गोष्टी ऐकायला येतील, तेव्हा हारांची गोष्ट सांगून थांबू नये, ऑक्टोबरचीही सांगावी. ते मान खाली घालून बसले होते. काही वेळाने उठले, दंडवत केला आणि म्हणाले, "आजवर कोणी ऑक्टोबरचे विचारलेच नव्हते."

साधकहो, हे वाक्य ऐकून मला आपलीच लाज वाटली. आपण अहिंसेवर कितीदा बोललो. पण ज्यांच्या हातून आपल्या नावाने हिंसा घडली, त्यांच्याजवळ बसून ऐकले नाही. परक्या घरच्या यादवीत जावे की नाही, याचा निर्णय पुढच्या वेळीही राज्य करील. परत आलेल्याचे ऐकणे मात्र आपल्या हाती आहे, आणि जो समाज ते ऐकतो तो पुढचे सैन्य पाठविण्यापूर्वी दहादा विचार करतो.